रिकामा रकाना

काचेच्या पट्टीवर बारा वर्तुळं असायची. एका वर्तुळात एका बाईचं सिरम, तेही आधी ५६ अंशांवर अर्धा तास तापवून निववलेलं. त्यावर सुईतून अँटिजेनचा एक थेंब सोडायचा आणि पट्टी रोटेटरवर चार मिनिटं फिरवायची, मिनिटाला १८० फेरे. मग सूक्ष्मदर्शकाखाली. सगळं पेजेच्या निवळीसारखं एकजीव दिसलं तर नॉन-रिअॅक्टिव्ह. दूध फुटल्यासारखे गोळे दिसले तर रिअॅक्टिव्ह. या तपासणीचं नाव व्हीडीआरएल. १९८५ ते २०१८ अशी तेहतीस वर्षं सिंधुदुर्गातल्या सरकारी प्रयोगशाळांत मी ती केली.

पावसाळ्यात वीज गेली की रोटेटर बंद पडायचा. मग बांगड्या कोपराकडे सारून, पट्टी टेबलावर टेकवून हातानं गोल गोल फिरवायची. घड्याळ समोर. बाहेर बाकावर बायका बसलेल्या. कुणाचं पोट नुकतं दिसायला लागलेलं, कुणाला धड बसवतही नसायचं. आत आपलं काय फिरतंय हे त्यांतल्या एकीलाही ठाऊक नसायचं. 'रगात तपासूक घेतलां' एवढंच.

आता मालवणात घरी असते. त्या वेळच्या वह्या काढून वाचते आहे. रुग्णांची नावं त्यांत कधीच लिहिली नव्हती, फक्त तारखा, आकडे आणि रिअॅक्टिव्ह असेल तिथे लाल पेन्सिलीच्या खुणा. खूण दिसली की चेहरा आठवतो.

*

गरमी. व्हीडीआरएल ज्या रोगासाठी करतात त्याला इकडे हाच शब्द. उपदंश पुस्तकातला, तो कुणी बोलताना मी ऐकला नाही. तिसरा शब्द फिरंग. सोळाव्या शतकातल्या भावप्रकाशात भावमिश्रानं या रोगाला फिरंग म्हटलं, कारण तो फिरंग्यांच्या मुलखातला. वास्को द गामा १४९८ मध्ये कालिकतला उतरला, १५१० मध्ये गोवा पोर्तुगीजांनी घेतला. रोग बहुधा त्याच गलबतांतून आला, आणि त्याच्या मागोमाग त्याचं औषध म्हणून चीनकडून चोपचिनी आली. गोव्यात राहणाऱ्या गार्सिया द ऑर्टा या वैद्यानं १५६३ मध्ये तिथेच छापलेल्या आपल्या ग्रंथात या चिनी मुळावर एक सबंध प्रकरण लिहिलं आहे. चोपचिनी नाहीतर रसकापूर, म्हणजे पारा. चारशे वर्षं माणसं पारा खात राहिली. दात पडायचे, लाळ गळायची. रोग मात्र तिथल्या तिथे असायचा.

इटलीवाले त्याला फ्रेंच रोग म्हणत, फ्रेंच लोक नेपल्सचा रोग म्हणत, रशियात तो पोलंडचा. प्रत्येकानं शेजाऱ्याचं नाव दिलं. आमच्या फॉर्मवरही तसंच होतं. बाळाला जन्मजात उपदंश असला की संसर्ग कुणाकडून, तर 'माता'. मी तो रकाना भरत आले. मातेला कुणाकडून, असा रकाना त्या फॉर्मवर नव्हता.

*

धोंडू, दगडू, भिकू, केरू. मुलगी असली तर धोंडी, भिकी. आधीची मुलं गेलेली असली की पुढच्याला असं नाव ठेवायचं, म्हणजे काळाची नजर त्याच्यावर पडत नाही. माझ्या आजोळच्या वाडीत अशा नावांची पाच-सहा माणसं होती. लहानपणी मला ती नावं ओबडधोबड वाटत. प्रत्येक नावामागे दोन-तीन पुरलेली बाळं आहेत हे पुढे कळलं.

आजी एका शेजारणीबद्दल सांगायची. "तिची पोरां रवनत नाय." पहिलं तिसऱ्या-चौथ्या महिन्यात पडलं. दुसरं सातव्यात मेलेलं आलं. तिसरं जन्मलं, पण महिनाभर नाक वाहत राहिलं आणि गेलं. चौथं किडकिडीत, पण राहिलं. त्याचं नाव धोंडू. पाचवी मुलगी अगदी धडधाकट. घरच्यांनी देवळात गाऱ्हाणी घातली, मूळपुरुषाला कोंबडा दिला, विहिरीजवळच्या राखणदाराचा मान चुकला होता तो भरून काढला. पाचव्या वेळी सगळं पावलं असं ठरलं.

प्रशिक्षणाच्या वेळी पुस्तकात वाचलं. व्हिएन्नातल्या मॅक्स कासोविट्झ या बालरोगतज्ज्ञानं एकोणिसाव्या शतकात नेमका हाच क्रम लिहून ठेवला होता. आईच्या अंगातला उपदंश जुना होत जातो तसतसा त्याचा जोर कमी होतो. आधी गर्भपात, मग मृत जन्म, मग आजारी मूल, मग बरं मूल. वाचता वाचता माझ्या डोळ्यांपुढे आजीचा ओटा आला.

त्या शेजारणीला उपदंशच होता, असं मी म्हणणार नाही. त्या काळी हिवताप होता, धनुर्वात होता, देवी होत्या, बाळंतपणं अंधाऱ्या खोलीत होत होती. पण धोंडूच्या पुढच्या दातांच्या कडांना खाचा होत्या. जोनाथन हचिन्सन या लंडनच्या डॉक्टरांनी अशा खाचांच्या दातांचं चित्र काढून ठेवलं आहे. ते चित्र पाहिल्यापासून धोंडूमामाचं हसू मला आठवत राहतं. शेजारीण त्याच्या कितीतरी वर्षं आधी गेली होती.

*

देशभरात हा आजार किती होता आणि किती उतरला, असं कुणी विचारलं तर आधी सांगावं लागतं की मोजायला सुरुवात फार उशिरा झाली. जे पोटातच गेलं त्याची नोंद नाही. जे घरी जन्मून घरीच गेलं त्याचीही नाही. दिवस गेले नि दिवस पडले, एवढाच त्याचा जमाखर्च.

*

चाकरमानी.

आमच्या जिल्ह्यातली कर्ती माणसं मुंबईला आणि बायका गावाला. लालबाग-परळच्या गाळ्यांत एका खोलीत वीस-तीस माणसं, पाळीपाळीनं झोपायची. महिन्याला मनिऑर्डर. गणपतीला आणि शिमग्याला घरी. आधी बोटीनं, मग एस.टी.नं, १९९८ पासून कोकण रेल्वेनं. गणपती झाले की दिवाळीच्या सुमारास आमच्याकडे गरोदर बायकांची नोंदणी वाढायची. बाकावर जागा पुरायची नाही. त्या गर्दीचं कारण आम्हां सगळ्यांना ठाऊक होतं आणि त्यात आनंदही होता.

त्या गर्दीतच वर्षाला काही लाल खुणा असायच्या. गिरणीतून सुटलेल्या माणसाला कामाठीपुरा लांब नव्हता. त्याला मी कधी शिव्या दिल्या नाहीत. अठरा-वीस वर्षांचा मुलगा, लग्न करून बायको गावाला ठेवलेली, वर्षातून तीन आठवडे तिच्यासोबत. ज्या व्यवस्थेनं त्याला घर दिलं नाही तिनंच हा रोग त्याच्या ट्रंकेत भरून गावाला पाठवला असं मला वाटतं. ट्रंकेत बायकोसाठी लुगडं असायचं, मुलांसाठी चॉकलेटं असायची. तो रिकाम्या हातांनी कधी येत नसे.

जन्मजात उपदंश कमी का झाला याची कारणं सांगताना पेनिसिलीन, तपासण्या, एड्सनंतर वाढलेला निरोधाचा वापर, साध्या तापालाही मिळू लागलेल्या प्रतिजैविकांच्या गोळ्या, हे सगळं सांगतात. खरंही आहे. माझ्या वह्यांवरून मी आणखी एक सांगेन: बायको मुंबईला गेली. १९८२ च्या संपानंतर गिरण्या बसल्या, गाळे रिकामे झाले, पुढच्या पिढीनं दहिसर-विरार-डोंबिवलीला दोन खोल्या घेतल्या आणि बायको सोबत नेली. पाठोपाठ माझ्या वहीतल्या लाल खुणा विरळ झाल्या. हे कुठल्या अहवालात मी वाचलेलं नाही. पण एकाच बाकासमोर तेहतीस वर्षं बसल्यावर एवढं म्हणायला हरकत नसावी.

*

१९९१, जुलै. वहीतलं हे पान मी एकदा फाडणार होते.

तीन आठवड्यांचं मूल, मुलगा. नाकातून रक्तमिश्रित पाणी, नाक चोंदल्यामुळे अंगावर पिता येत नाही. एक घोट घेतो आणि तोंड सोडून रडतो. तळहात आणि तळपाय तांबूस, त्यांची साल निघते आहे, जास्त पिकलेल्या केळ्याची निघावी तशी. डावा हात हलवत नाही. उचलला की किंचाळतो. डॉक्टरांनी पोट तपासलं, प्लीहा वाढलेली. माझ्याकडे रक्त आलं. मी पातळ करत गेले: १:८, १:१६, १:३२, १:६४. चौसष्टलाही गोळे. आईचं १:१६.

आई कोपऱ्यात उभी होती. वय वीसेक. ती मला ओळखत होती.

"माजा रगात घेतलेला मां तुमी? मगे?"

घेतलं होतं. सातव्या महिन्यात ती आली होती, मीच सुई टोचली होती. पण त्या महिन्यात आमच्याकडे अँटिजेन संपलं होतं. मागणी पाठवलेली, वरून काही आलेलं नाही, तीन आठवडे काम बंद. रजिस्टरमध्ये तिच्या नावापुढचा व्हीडीआरएलचा रकाना कोरा होता. बाकीचे सगळे भरलेले: हिमोग्लोबिन, रक्तगट, लघवी. त्यानंतर ती आली नाही आणि तिला बोलवावं असं कुणाच्या मनात आलं नाही. माझ्याही नाही. चार-पाच दिवस सिरम ठेवलं आणि बाटल्या धुऊन टाकल्या.

मुलाला क्रिस्टलाइन पेनिसिलीन सुरू केलं, दहा दिवसांचा कोर्स. चौथ्या दिवशी पहाटे ते गेलं.

हे अँटिजेन म्हणजे काय, तर बैलाच्या हृदयातून काढलेलं कार्डिओलिपिन, त्यात लेसिथिन आणि कोलेस्टेरॉल. रोज सकाळी ताजं मिश्रण करायचं, संध्याकाळी उरलं तर फेकायचं. एका लहानशा बाटलीत शेकडो बायकांची तपासणी होते. त्या बाटलीसाठी तीन आठवडे.

त्यानंतर मी एक केलं. ज्या दिवशी अँटिजेन नसेल त्या दिवशीच्या बायकांची वेगळी यादी. गाव, वाडी, कुणाच्या शेजारी घर. माल आला की नर्सबाईंना ती यादी द्यायची. हा सरकारी नियम नव्हता.

*

पेनिसिलीनबद्दल मला प्रेमानं लिहावंसं वाटतं.

१९०५ मध्ये बर्लिनला शाउडिन आणि हॉफमन यांनी या रोगाचा मळसूत्रासारखा जंतू शोधला. १९१० पासून एर्लिखचं सॅल्व्हरसान आलं, त्यात आर्सेनिक. १९४३ मध्ये अमेरिकेत जॉन महोनी यांनी चार रुग्णांना पेनिसिलीन दिलं आणि चारशे वर्षांचा पारा आणि सोमल एका झटक्यात मागे पडला. आपल्याकडे १९५४ मध्ये पुण्याजवळ पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली, जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या मदतीनं. पुढच्या वर्षी तिथलं पेनिसिलीन देशात मिळू लागलं. पिंपरी आज कारखान्यांसाठी माहीत आहे. तिथल्या त्या एका कारखान्यानं किती बाळं वाचवली याचा हिशेब कुणी मांडला असता तर बरं झालं असतं.

गरोदर बाईला लागतं ते बेंझाथिन पेनिसिलीन, २४ लाख युनिट. लवकरच्या अवस्थेतल्या उपदंशाला एक डोस पुरतो. रोग जुना असेल किंवा कधीचा ते कळत नसेल तर आठवड्याला एक असे तीन. बाळंतपणाच्या निदान महिनाभर आधी सुरू झालं तर पोटातलं मूल बहुतेक वाचतंच. इंजेक्शन दिसायला दुधासारखं पांढरं आणि दाट. बारीक सुईतून उतरत नाही, मध्येच सुई बंद होते, मग काढून दुसरीकडे टोचावं लागतं. दोन्ही कुल्ल्यांत अर्धं अर्धं. ते फार दुखतं. बाई दोन दिवस लंगडते, विहिरीवर कळशी उचलताना तोंड वाकडं करते आणि घरी सगळे विचारतात, कसलं इंजेक्शन?

आणि मग भीती. पेनिसिलीनची रिअॅक्शन आली, माणूस दगावला, ही गोष्ट प्रत्येक तालुक्यात एकदा तरी ऐकायला मिळते. तशी रिअॅक्शन फार क्वचित येते, पण गोष्ट मात्र सगळीकडे पोचते. म्हणून कितीतरी ठिकाणी इंजेक्शन टाळून गोळ्या देतात. एका बाईला माझ्याकडून रिअॅक्टिव्ह रिपोर्ट गेला होता. ती दुसरीकडे गेली, तिथे तिला एरिथ्रोमायसिन दिलं. तिचा स्वतःचा त्रास थांबला. पण ते औषध वारेतून बाळापर्यंत पुरेसं पोचत नाही. आठव्या महिन्यात मूल पोटात गेलं. ती मला बाजारात भेटली, मासळीची टोपली डोक्यावर. म्हणाली, "गोळये सगळे खाल्लेले हां मी, एक चुकवलंय नाय." मी काय बोलणार? तिनं तिचं सगळं केलं होतं.

*

कधी कधी रक्तात प्रतिद्रव्यं इतकी जास्त असतात की पातळ न करता तपासलं तर गोळे बनतच नाहीत. स्लाइड स्वच्छ दिसते. सहापट-दहापट पातळ करावं तेव्हा रोग दिसायला लागतो. याला प्रोझोन म्हणतात. आधी दोन मुलं दगावलेल्या बाईची स्लाइड स्वच्छ दिसली की मी ती पुन्हा पातळ करून बघायची.

*

आता आकडे, कारण आकड्यांवाचून लोक विश्वास ठेवत नाहीत.

२०१६ या एका वर्षासाठी जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांचा अंदाज असा: जगात जन्मजात उपदंशाची ६ लाख ६१ हजार प्रकरणं. त्यांतल्या ३ लाख ५५ हजारांचा शेवट वाईट. १ लाख ४३ हजार पोटातच गेली किंवा मृत जन्मली, ६१ हजार जन्मल्यावर काही दिवसांत गेली, बाकीची अपुऱ्या दिवसांची, कमी वजनाची किंवा आजारी. ज्याचं औषध त्याच्या सत्तरेक वर्षं आधीच सापडलं होतं अशा आजाराचे हे आकडे.

अमेरिकेत २०१२ मध्ये अशी ३३५ बाळं नोंदली गेली होती, २०२२ मध्ये ३,७६१. दहा वर्षांत अकरापट. तिथल्या रोगनियंत्रण केंद्रानंच सांगितलं की वेळेवर तपासणी आणि उपचार झाले असते तर दहातली जवळपास नऊ प्रकरणं टळली असती. दुसरीकडे क्यूबा, पैसा कमी. २०१५ मध्ये आईकडून बाळाला होणारा एचआयव्ही आणि उपदंश दोन्ही संपवल्याचं प्रमाणपत्र मिळवणारा जगातला पहिला देश. २०१९ मध्ये आपला शेजारी श्रीलंका. हे वाचलं तेव्हा मला फार आनंद झाला आणि थोडं वाईटही वाटलं. श्रीलंकेच्या किनाऱ्यावरची कोळीवाडी आमच्या मालवणच्या दांडी-सर्जेकोटपेक्षा काय वेगळी असणार?

भारतात कल उतरता आहे, यात शंका नाही. सत्तर-ऐंशीच्या दशकांत गरोदर बायकांमधलं उपदंशाचं प्रमाण शेकड्यात मोजायचे, आता सर्वेक्षणांत ते हजारात मोजतात. पण आपल्याकडे वर्षाला दोन कोटींहून जास्त बाळं जन्मतात. हजारात एक म्हटलं तरी वीस हजार आया. आणि अलीकडे त्वचारोगतज्ज्ञ पुन्हा सांगू लागले आहेत की त्यांच्याकडे उपदंशाचे तरुण रुग्ण वाढताहेत. पुरुषांत वाढला की एक-दोन वर्षांनी बाळांत दिसतो, हे सगळीकडचं जुनं गणित.

रोग संपला असं कधी म्हणायचं? जागतिक निकष असा: दर लाख जिवंत जन्मांमागे ५० किंवा त्याहून कमी प्रकरणं, शिवाय शंभरातल्या ९५ गरोदर बायकांची तपासणी आणि रिअॅक्टिव्ह आलेल्यांतल्या ९५ टक्क्यांवर उपचार. सिंधुदुर्ग लहान जिल्हा, २०११ च्या जनगणनेत साडेआठ लाखांच्या आत, आणि त्याआधीच्या जनगणनेपेक्षा लोकसंख्या घटलेली. वर्षाला आठ हजार जन्म धरले तर निकषात बसायला चार बाळं चालतात. चालतात, हा शब्द लिहिला खरा. चार बाळं म्हणजे चार वाड्या, चार घरं. नर्सबाई डोळे मिटून रस्ता सांगेल.

*

एचआयव्ही आला आणि पैसा आला. १९९२ मध्ये राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटना सुरू झाली, पुढे समुपदेशक आले, कुलूपबंद कपाटं आली, मासिक अहवाल आले. गरोदर बाईची एचआयव्ही तपासणी चुकली तर वरून फोन यायचा. व्हीडीआरएल चुकली तर कुणी विचारत नसे. एकाच बाईचं, एकाच सुईनं काढलेलं रक्त. दोन नळ्यांत विभागलं की एका नळीला मान आणि दुसरी रॅकमध्ये. हे मी अनेक वर्षं पाहिलं आणि बैठकांत बोललेही. एड्सचा धाक खरा होता, त्याबद्दल तक्रार नाही. पण उपदंश पूर्ण बरा होतो, साध्या इंजेक्शननं. म्हणूनच त्याची कुणाला घाई नव्हती की काय, असं वाटायचं.

आता एकाच पट्टीवर दोन्ही तपासण्या होतात. बोटातला थेंब, वीस मिनिटं, दोन रेषा वेगवेगळ्या. उपकेंद्रात नर्सबाई स्वतः करते. रोटेटर नको, वीज नको, बैलाचं हृदयही नको. माझं अर्धं आयुष्य ज्या कामात गेलं ते तळहाताएवढ्या प्लास्टिकच्या पट्टीत मावलं, याचा मला निखळ आनंद आहे. एवढंच की ती पट्टी जंतूविरुद्धची कायमची प्रतिद्रव्यं दाखवते. पूर्वी होऊन बरा झालेलाही तिच्यावर उमटतो. म्हणून रेषा दिसली की इंजेक्शन लगेच द्यायचं आणि व्हीडीआरएल किंवा तशाच आरपीआर तपासणीसाठी रक्तही पाठवायचं. दोन्ही. एकासाठी दुसरं थांबवायचं नाही.

*

र. धों. कर्व्यांनी १९२७ पासून १९५३ पर्यंत 'समाजस्वास्थ्य' हे मासिक चालवलं. गुप्तरोगांपासून बचाव कसा करावा हे त्यांनी स्वच्छ मराठीत लिहिलं, संततिनियमनाच्या प्रचारापायी त्यांची नोकरी आधीच गेली होती, लेखनासाठी खटले झाले. १९३४ मध्ये त्यांच्या बाजूनं डॉ. आंबेडकर कोर्टात उभे राहिले. गणिताचा हा प्राध्यापक ज्या शांतपणे लिहायचा तो शांतपणा मला आमच्या कुठल्याच भित्तिपत्रकात दिसला नाही. भित्तिपत्रकावर नेहमी एक बाई डोळे खाली घालून बसलेली.

*

"घोवाक सांगू नकात हां, मॅडम."

हे वाक्य मी जितकं ऐकलं तितकं दुसरं कुठलंच नाही. त्याला कळलं तर तो म्हणणार, तूच आणलंस. सासू म्हणणार, माहेराहून आणलंस. पण त्याला सांगितल्याशिवाय तो औषध घेणार नाही, आणि त्यानं औषध घेतलं नाही तर येत्या शिमग्याला तिला पुन्हा होणार. मग आम्ही सांगायचो, दोघांना रक्तातली गर्मी आहे, दोघांनीही इंजेक्शन घ्यायला हवं, बाळासाठी. 'बाळासाठी' म्हटलं की बहुतेक पुरुष येत. मान खाली, टोपी हातात. जिल्ह्याच्या ठिकाणी गुप्तरोगांसाठीचं सुरक्षा क्लिनिक निघालं तेव्हा पांढऱ्या डब्यातलं किट नंबर तीन मिळू लागलं, पेनिसिलीन आणि अझिथ्रोमायसिन, फुकट. एक खलाशी बोट सोडून आला होता, हंगाम ऐन भरात. इंजेक्शन झाल्यावर भिंतीला टेकून उभा राहिला आणि मला म्हणाला, "तिका काय सांगूचा ता तुमीच सांगा. माझ्यान व्हयत नाय." मी सांगितलं. ती ऐकत राहिली. मग पदरानं नाक पुसलं आणि विचारलं, "बाळाक काय नाय मां झाला?"

*

आताच्या लाल खुणा कुठे असतील ते मला ठाऊक आहे. हापूसच्या बागांत राखणीला राहणारी नेपाळी कुटुंबं. चिऱ्याच्या खाणींवर कर्नाटकातून आलेली जोडपी. ट्रॉलरवरचे परप्रांतीय खलाशी. त्यांच्या बायका नोंदणीला येत नाहीत, कारण मुक्काम दोन महिन्यांचा, कार्ड दुसऱ्या गावचं, भाषा तिसरीच. त्या थेट कळा सुरू झाल्यावर येतात. त्या वेळीही रक्त तपासता येतं. आईला आणि बाळाला, दोघांनाही औषध देता येतं. फक्त कुणीतरी ते केसपेपरवर लिहायला हवं.

परवा बाजारात एक नेपाळी मुलगी दिसली, सहावा-सातवा महिना असावा, खांद्यावर आंब्याच्या रिकाम्या पेट्या. मी तिला आशाताईचं घर दाखवलं. गेली का ते कळलं नाही.

*

ही शेवटची नोंद २००७-०८ मधली. पान हळदीच्या डागानं पिवळं झालं आहे.

आई रिअॅक्टिव्ह, कळलं ते आठव्या महिन्याच्या शेवटी. इंजेक्शन दिलं, पण महिना पुरा व्हायच्या आत बाळंत झाली. म्हणजे उपचार अपुरा. मुलगी वरवर धडधाकट, तरी डॉक्टरांनी दहा दिवसांचं पेनिसिलीन दिलं. तिच्या टाचेतून थेंबभर रक्त माझ्याकडे आलं: १:८. आईचंही १:८. आईकडून आलेली प्रतिद्रव्यं असू शकतात, बाळाचीही असू शकतात, त्या दिवशी सांगता येत नाही. वाट बघायची आणि मोजत राहायचं.

दुसऱ्या महिन्यात १:४. चौथ्यात १:२. आई दर वेळी स्वतः येऊन बसायची, आठवण करावी लागली नाही. सहाव्या महिन्यात स्लाइड फिरवली. पेजेच्या निवळीसारखी. खात्री वाटेना म्हणून पुन्हा फिरवली, हातानंच, वीज असूनही.

पुढच्या वेळी ती आली तेव्हा आंगणेवाडीची जत्रा नुकतीच झाली होती. भराडी देवीला तिनं नवस केला होता, तो फेडून आली होती. कागदाच्या पुडीत गुळाचा खाजा होता. टेबलावर नमुन्यांच्या बाटल्या होत्या, तिथे खाणं ठेवायचं नसतं. मी हात धुतले, बाहेर बाकावर तिच्या शेजारी जाऊन बसले. मुलीनं माझ्या बांगड्या धरून ओढल्या, दोन्ही मुठींनी, डावी आणि उजवी.